परदेशी निघण्याआधी पैशांची तयारी

पासपोर्ट, तिकीट, औषधं कोणी विसरत नाही, ते सोडून देते. पहिलं काम कार्डाचं. बँकेचं ॲप उघडा आणि कार्डाचा परदेशातला वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या 2020च्या नियमामुळे नवं कार्ड फक्त भारतापुरतं चालू असतं, बाहेरची परवानगी आपण द्यायची. आणि ही परवानगी एकच नसते. एटीएमची वेगळी, दुकानातल्या मशीनची वेगळी, ऑनलाइनची वेगळी, नुसतं टेकवून पैसे देण्याचीही वेगळी. मी हॉटेल बुक करताना फक्त ऑनलाइनची दिली होती. पैसे कापले गेले, म्हणून कार्ड चालू आहे असं धरून चालले.

क्वालालंपूरला रात्री पावणेबाराला आई आणि मी हॉटेलच्या काउंटरवर उभ्या. खोलीचे पैसे आधीच भरलेले. पण तिथे परदेशी पाहुण्यांना खोलीमागे रोज 10 रिंगीट (मलेशियाचं चलन) पर्यटन कर पडतो, म्हणजे चार रात्रींचे 40, वर 100 रिंगीट डिपॉझिट. बडोद्याहून नेलेल्या 200 रिंगीटांतले 110 विमानतळाच्या ट्रेनलाच गेले होते, माणशी 55, आणि थोडे सिमकार्डाला. काउंटरवरच्या मशीननं कार्ड नाकारलं, खालच्या एटीएमनंही नाकारलं. ॲप उघडलं तर ते बँकेत नोंदवलेलं सिम मागत होतं. भारतातलं सिम परत घातलं, पण रोमिंग घेतलंच नव्हतं, ओटीपी कुठून येणार? आई बॅगेवर बसून सुजलेले पाय चोळत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी त्याच हॉटेलात उतरलेल्या भरुचच्या एका काकांनी 100 रिंगीट दिले. ओळख ना देख! ते मी घरी आल्यावर फेडले.

म्हणून परत सांगते, चारही बटणं घरी बसून चालू करा. रोजची मर्यादाही तिथेच बघा, ती कमी ठेवलेली असली तर बटण चालू असूनही पैसे निघणार नाहीत. ‘तिकडे गेल्यावर करू’ असं अजिबात म्हणू नका, तिकडे गेल्यावर होत नाही. रोमिंगही इथूनच चालू करून घ्या. भारतातलं सिम फोनमध्येच राहू द्या, तिथलं दुसऱ्या खाचेत घाला.

दुसऱ्या बँकेचं एक कार्ड सोबतच्या माणसाजवळ द्या, एकाच पाकिटात दोन्ही नकोत. आईचं कार्ड होतं, पण दांडिया बाजारातल्या घरी, कपाटात. त्या कार्डाचीही बटणं चालू करायची, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. यूपीआयच्या भरवशावर निघू नका, तो मोजक्याच देशांत चालतो आणि तिथेही ॲपमध्ये आधी परवानगी द्यावी लागते.

रोख पैसे ठरवताना हॉटेलला आधीच मेल करून विचारा: कर किती, डिपॉझिट किती, रोखच लागतं का? तेवढे आणि पहिल्या दिवसाचं जेवणखाण, प्रवास यांचे पैसे तिथल्या चलनात न्या. वर 100 डॉलरची एक कोरी, न फाटलेली नोट वेगळी ठेवा, तिला हात लावायचा नाही. एटीएमनं किंवा दुकानदारानं ‘रुपयांत घेऊ का?’ विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या. रुपयांत ते स्वतःच्या दरानं लावतात आणि तो दर महाग पडतो. आपली बँकही साध्या कार्डावर बहुधा 2 ते 3.5 टक्के जास्त लावते, त्यावर 18 टक्के जीएसटी. थोडेथोडे पाच वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा, दर वेळचं शुल्क वाचतं.

मलेशियाचं ऑनलाइन आगमन कार्ड फुकट असतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी साइटवरच भरा. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर लगेच बंद करा. स्वस्त तिकिटात हातातलं सामान बहुधा 7 किलोच असतं, घरीच वजन करा. तीन चौकोनी पिनांचा प्लग. प्रवासविमा. पासपोर्टची झेरॉक्स. परतीच्या रात्री अहमदाबादहून बडोद्याला यायचे रुपये बाजूला ठेवा.

आणि आदल्या रात्री, बॅग बंद करण्याआधी, ॲप पुन्हा उघडून चारही बटणं बघा. दोन्ही कार्डांची.