कारखान्यासाठी जमीन घेताय? झोनच्या या चुका टाळा

गेली वीस-बावीस वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत जमिनीचे नकाशे आणि परवानग्यांच्या फायली करण्यात गेली. समोर बसलेला माणूस दर वेळी नवा असतो, चूक मात्र तीच. बहुतेक जण माझ्याकडे येतात ते खरेदीखत झाल्यावर, शेडचं कोटेशन हातात घेऊन. तोवर पैसे गेलेले असतात. विसारपावतीच्या आधी आले असते तर निम्म्या लोकांना मी तिथेच थांबवलं असतं. म्हणून हे लिहितोय.

शेजारी कारखाना आहे, म्हणजे आपल्यालाही चालेल

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं केलंय. हायवेला जमीन, बाजूला जिनिंग, पलीकडे वजनकाटा, मागे गोडाऊन. दलाल हात दाखवून सांगतो, "शेजारे कारखाना शे ना भो, मंग आपले कोन इचारस?" आणि माणूस सही करतो.

झोन म्हणजे जमिनीवर शेती, घरं की कारखाना यांतलं काय चालेल ते सांगणारा विभाग. तो शेजाऱ्याकडं बघून ठरत नाही. तो ठरतो मंजूर विकास आराखड्यावरच्या रेषेनं आणि शहराच्या हद्दीबाहेर प्रादेशिक योजना असेल तर तिच्या नकाशानं. ही रेषा गटाच्या बांधावरूनच जाईल असं नाही. कधी नाल्यानं जाते, कधी रस्त्यापासून ठरावीक अंतर धरून जाते, तर कधी एकाच गटाचे तिरपे दोन तुकडे करते. शेजारची जिनिंग आराखडा येण्याआधीपासून कायदेशीर चालू असेल, तर ती जुना वापर म्हणून टिकते. तो हक्क तिच्या मालकाचा. तुमच्या कोऱ्या जमिनीला तो चिकटत नाही.

एका मुलाची गोष्ट सांगतो. चटईच्या कारखान्यात दहा वर्षं लूमवर काढलेली, सुपरवायझर झालेला, हाताला काम पक्कं ठाऊक. वडील रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांची ग्रॅच्युइटी, स्वतःची शिल्लक आणि आईचे दागिने मोडून त्यानं एका नगरपालिकेच्या वाढीव हद्दीत २ एकर घेतले. सहा लूमचं युनिट टाकायचं होतं. माझ्याकडे आला तो पेढे घेऊनच.

फाईल उघडली. त्यात झोन दाखला होता, म्हणजे त्यानं निष्काळजीपणा केला नव्हता. दाखल्यावर गट नंबर होता आणि पुढे लिहिलं होतं, "अंशतः औद्योगिक विभाग, अंशतः शेती विभाग, अंशतः नियोजित १८ मीटर रस्ता". तीन वेळा "अंशतः". त्यानं आणि त्याच्या दलालानं वाचलं होतं फक्त "औद्योगिक". दाखला होता सबंध ९ एकरांच्या गटाचा, आणि यानं घेतलेला हिस्सा होता मागच्या बाजूचा. तो स्वस्त का मिळाला, हे तेव्हा कळलं.

मी भाग नकाशा, म्हणजे आराखड्याचा त्या जागेपुरता तुकडा, मागवला, मोजणीचा नकाशा त्याच मापात काढून ट्रेसिंगवर वर ठेवला आणि खिडकीच्या काचेवर दोन्ही धरले. रेषा नाल्याच्या कडेनं तिरपी गेलेली. त्याच्या ८० गुंठ्यांपैकी औद्योगिकमध्ये जेमतेम २५ गुंठे येत होते, आणि नियोजित रस्ता त्या २५ मधूनच जात होता. रस्ता वजा केला तर १२-१३ गुंठे उरले, तेही त्रिकोणी. चारी बाजूंचं सामासिक अंतर, म्हणजे बांधकामाभोवती मोकळी ठेवायची जागा, सोडल्यावर त्या त्रिकोणात लूमची रांग बसत नव्हती. मी पेन्सिल खाली ठेवली. त्यानं काही विचारलं नाही, बराच वेळ त्या काचेकडेच बघत राहिला. पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच होता.

ती जमीन पुढं त्यानं शेतीच्या भावात विकली आणि भाड्याच्या गाळ्यात दोन लूमवर सुरुवात केली. आज धंदा बरा चाललाय. आईचे दागिने मात्र अजून झालेले नाहीत.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. नुसत्या झोन दाखल्यावर मी मत देत नाही. दाखला, भाग नकाशा आणि मोजणीची "क" प्रत (मोजणी झाल्यावर मिळणारा हद्दींचा नकाशा) असे तिन्ही कागद लागतात. गटाचा हिस्सा घेताय तर आधी हिश्श्याची मोजणी करून घ्यायची, मग तुमच्या चतुःसीमेवर झोनची रेषा काढायची. मी जांभळ्या पेन्सिलीनं औद्योगिक आणि हिरव्यानं शेती रंगवतो, कारण आराखड्यातही हेच रंग असतात आणि गिऱ्हाइकाला ते एका नजरेत कळतं. मोजणीला वेळ लागतो म्हणून कुरकुर करणाऱ्यांना मी सरळ सांगतो, तीन महिने थांबायची तयारी नसेल तर कारखान्याच्या नादाला लागू नका.

"एन.ए. आहे ना!"

एन.ए., म्हणजे बिनशेती, हा महसूल खात्याचा विषय, झोन हा नगररचनेचा. उद्योगासाठी बिनशेतीच्या अटी सरकारनं वेळोवेळी सैल केल्या. त्यामुळे "आता काहीच लागत नाही" अशी हवा गावोगावी पसरली आहे. सवलत मिळाली ती बिनशेतीच्या परवानगीची. झोन, बांधकाम परवानगी आणि प्रदूषण मंडळाची संमती या तिन्ही गोष्टी जिथल्या तिथे आहेत. बिनशेतीचा सध्याचा नियम तहसिलात जाऊन विचारा, चार वर्षांपूर्वीच्या मित्राच्या अनुभवावर चालू नका.

एका वापराची परवानगी, शेडमध्ये दुसराच धंदा

ही चूक जुनी, मुरलेली माणसंही करतात, म्हणून तिचा मला जास्त राग येतो.

डिसेंबर २०२० पासून मुंबई, एमआयडीसी अशी काही क्षेत्रं सोडली तर जवळपास सगळ्या राज्याला बांधकामाची आणि जमीन वापराची एकच नियमावली लागू आहे. सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. तिच्यात शेती विभागातही शेतमालावरच्या प्रक्रियेला अटींवर वाव आहे. आपल्याकडं त्याचा मोठा आधार आहे. डाळ मिल, मिरची वाळवणं-कांडणं, केळीचं पॅकहाऊस, शीतगृह अशी कामं मालाजवळ व्हावीत हे शहाणपणाचंच आहे. पण ही मुभा शेतमालाला आहे, शेडला नाही.

एका गावात डाळ मिलसाठी रीतसर परवानगी घेऊन शेड उभी राहिली. नकाशा मीच केला होता. दोन हंगाम तूर-हरभरा चालला. मग बाजार पडला आणि मालकानं तिथे प्लॅस्टिकचं भंगार धुऊन दाणा काढायचं मशीन बसवलं. शेड तीच, वीजजोड तोच, मग कोणाला काय कळणार, असा त्याचा हिशेब. धुणावळीचं पाणी मागच्या नाल्यात सुटलं. पावसाळ्यानंतर खालच्या दोन विहिरींच्या पाण्यावर फेस यायला लागला. तक्रार झाली, पाहणी झाली, काम बंद करायची नोटीस आली, वीज तुटली.

तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दंड भरू, रेग्युलर करून घेऊ." हा शब्द ऐकला की मला त्या माणसाची काळजी वाटते. सामासिक अंतरात थोडं कमी-जास्त झालं तर तडजोड शुल्काचा विचार होऊ शकतो. पण जो वापर त्या विभागात चालतच नाही, तो दंडानं चालता होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ मध्ये अनधिकृत विकासाला १ महिना ते ३ वर्षं कैद सांगितली आहे, शिवाय २,००० ते ५,००० रुपये दंड. लोक दंडाचा आकडा बघून निर्धास्त होतात, त्याच ओळीतली कैद वाचत नाहीत. आणि कलम ५३ खाली बांधकाम पाडायची नोटीस येते ती वेगळी.

प्रदूषण मंडळाची संमतीही उत्पादन आणि क्षमतेनुसार असते. किती प्रदूषण होतं त्यावरून मंडळ धंद्यांना रंगांचे वर्ग देतं, पांढरा सगळ्यात कमी, लाल सगळ्यात जास्त. पांढऱ्या किंवा हिरव्या वर्गातला धंदा नारिंगी-लाल वर्गात गेला की आधीचा कागद कामाचा राहत नाही. कारखाना उभारायच्या आधीची संमती वेगळी आणि चालवायची वेगळी, हेही पुष्कळांना नोटीस आल्यावर कळतं. माझ्या गिऱ्हाइकांना मी परवानगीची प्रत लॅमिनेट करून शेडच्या ऑफिसात लावायला लावतो. नवं मशीन आणायचं ठरलं की आधी भिंतीवरचा तो कागद वाचायचा, मग मला फोन करायचा.

आदिवासी खातेदाराची जमीन

नवापूर, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात हे आधी बघा, झोन नंतर. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि विक्रीला त्याआधी शासनाची मान्यता. भाडेपट्टाही त्यातून सुटत नाही. "नावावर त्याच्या राहू द्या, शेड आपली टाकू" हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. त्यात तुमचे पैसे बुडतात, आणि त्या कुटुंबाच्या हातातून एकुलती एक जमीन निसटायची वाट उघडते. मी अशा फायली घेत नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या गोष्टी

ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, तीही नव्हे, ती ऑनलाइन काही मिनिटांत होते आणि झोन विचारतही नाही.

रहिवासी भागात पिठाची गिरणी किंवा छोटं वर्कशॉप चालतं, पण हॉर्सपॉवर, कामगार आणि क्षेत्रफळ यांच्या मर्यादेत. दुसरी मोटर बसवायच्या आधी ती मर्यादा बघा.

एमआयडीसीतला प्लॉट तुमच्या मालकीचा नसतो, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळतो. जळगावची अजिंठा रोडची वसाहत असो, धुळ्याची अवधान असो की नरडाणा, तिथे महामंडळाचीच नियमावली चालते. पोटभाड्यानं द्यायचं किंवा उत्पादन बदलायचं तर आधी लेखी परवानगी घ्या.

रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचं असेल तर रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो. भुसावळकडच्या लोकांनी हे विसरू नये. उच्चदाबाच्या तारांखालची जमीनही स्वस्त मिळते ती उगाच नाही.

"झोन बदलून घेऊ" असं कोणी म्हणालं तर त्याच नगररचना अधिनियमाचं कलम ३७ काय आहे ते त्याला विचारा. प्रस्ताव, जाहीर सूचना, हरकती, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी. ती मिळेलच असं नाही. ज्या जमिनीचा झोन बदलायचाय, तिच्यावर बँकेचं कर्ज काढून बसू नका.

पोच रस्ता

विक्रेता गाडीरस्ता दाखवतो. तो गाव नकाशावर आहे का, की बांधावरून वहिवाटीनं पडलाय, हे बघा. नकाशावर नसलेला रस्ता परवानगीच्या वेळी रस्ता म्हणून धरला जात नाही, आणि अग्निशमनाचा बंब आत येऊ शकेल का हा प्रश्न तर येतोच. मी टेप लावून तीन ठिकाणी रुंदी मोजतो, सुरुवातीला, मध्ये आणि गेटपाशी, कारण मध्ये हमखास कुणाचा तरी बांध पुढे आलेला असतो.

आणि जमीन एकदा तरी पावसाळ्यात बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी लागते. जुलैत त्याच रस्त्यावर मी दहा टनांचा ट्रक आसापर्यंत रुतलेला पाहिलाय, आतला माल भिजत होता आणि ट्रॅक्टरवाला एका खेपेचे दोन हजार मागत होता. विक्रेता घाई करत असेल तर त्याला सांगा, पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी येतो, तेव्हा विसार देतो.