वॉटर पेपर कसा मारायचा: रंगावर गुळगुळीत फिनिश

स्प्रेने रंग मारला, वाळला आणि मग उजेडात तिरकं बघितलं की कळतं, वर संत्र्याच्या सालीसारखी खरखर आलीय, मध्येच धुळीचा कण अडकलाय, कडेला एखादा ओघळ. हे सगळं वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून घासायच्या सँडपेपरने) निघतं, पण रंग आतपर्यंत सुकलेला पाहिजे (डब्यावर लिहिलेला वेळ पाळा), नाहीतर ओला रंग गोळे होऊन पेपरला चिकटतो आणि तेच गोळे पुढे चरे पाडतात.

पेपर काळा, वॉटरप्रूफवालाच घ्या, साध्या पेपरचा पाण्यात लगदा होतो. 10-15 मिनिटं पाण्यात भिजू द्या, बादलीत भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका म्हणजे पेपर सरसर फिरतो. आणि मशीन नको हां, पाणी आणि वीज एकत्र नको.

पेपर रबरी ब्लॉकला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या जागी खळगे पडतात. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे आधीच मास्किंग टेप लावून टाका.

सुरुवात 1000 नंबरने (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक), ओघळ जाड असेल तर तेवढ्याच जागी 800, मग 1500, मग 2000. हलक्या हाताने, पाणी सतत चालू, आणि नंबर बदलला की दिशापण बदला, म्हणजे आधीच्या पेपरचे चरे गेले की नाही ते लगेच दिसतं. दर वेळी सगळं धुवायचं, बादलीतलं पाणीसुद्धा बदलायचं, कारण जाड पेपरचा एक खडा खाली राहिला तरी 2000 ची मेहनत वाया.

आता खरी गोम. ओला पृष्ठभाग चकचकीत दिसतो आणि माणसाला वाटतं झालं काम! म्हणून सारखं थांबून पुसायचं, कोरडं करून बघायचं. चमकणारे ठिपके राहिलेत म्हणजे तो भाग अजून खोलगट आहे, सगळीकडे एकसारखं मॅट दिसलं की बास. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) घासताना निघणारं पाणी दुधाळ असतं, त्यात रंग उतरायला लागला तर तिथेच थांबा, क्लिअर कोट संपला.

शेवटी रबिंग कंपाउंड (बारीक चरे घालवणारी पेस्ट), मग पॉलिश, चमक त्यानेच येते.

उघडं लाकूड, एमडीएफ आणि गाडीची पुट्टी पाणी पितात, त्यांना मात्र पेपर कोरडाच मारायचा, तोंडाला मास्क लावून.