लिंबूटिंबू चेटकिणीची गोष्ट कशी रचावी

यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या गच्चीवर मे महिन्यात पोरं जमवून गोष्ट रचायची, हा माझा रिटायरमेंटनंतरचा उद्योग. आठ ते अकरा वयाची सात-आठ पोरं, समोर अजिंक्यतारा, मध्ये भेळेची परात. दरवर्षी कुणीतरी चेटकिणी मागतंच. तुम्हाला घरी हे करायचं असेल तर माझ्या चुकांवरून शिका.

आधी शब्दाचा घोळ निस्तरा. ‘दाभोलकरांच्या साताऱ्यात चेटकिणी कसल्या रचता?’ असं शेजारच्या आजोबांनी मला जिन्यातच हटकलं होतं. प्रश्न रास्तच होता. म्हणून सुरुवातीची पाच मिनिटं मी पोरांना सांगते, की अमुक बाई करणी करते असं उठवून तिला छळणं हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कुणा एकीला चेटकीण ठरवायचं नाही. गोष्टीत मात्र सगळ्याच चेटकिणी, आणि मंत्र पोरांचे पोरांनीच करायचे. आमचा मंत्र होता ‘आंबटचुका शेपू फू’.

आता मुख्य काम. एकीला एकटं पाडायचंय, पण कसं? मोठी माणसं लगेच तिला शाळेतून हाकलतात, पावसात रडवतात. पोरांचं तसं नसतं. करंगळीची कट्टी दुसऱ्या दिवशी सुटते. झोंबतं ते लिंबूटिंबू. खेळात घेतलंय, पण पकडली तरी आउट नाही, राज्य कधीच नाही. तिने चीटिंग केली तरी कुणी भांडतसुद्धा नाही. आमची टिमकी तशी होती. झाडूंच्या शर्यतीत ती पहिली आली तरी बाकीच्या म्हणायच्या, ‘तुझं मोजत नाही.’

इथे थांबा आणि पोरांना विचारा, टिमकीला काय हवंय? तुम्ही सांगू नका. मी विचारलं तेव्हा मैत्रीण, मोठा झाडू, चॉकलेट अशी उत्तरं आली. पाण्याच्या टाकीला टेकून बसलेली एक मुलगी चार दिवस गप्प होती. ती म्हणाली, ‘तिला राज्य पाहिजे.’ सगळी हसली. राज्य कुणाला हवं असतं?

मी ते वहीत लिहून घेतलं.

एक मोह टाळा. पहिल्या वर्षी मी एकट्या पडलेल्या चेटकिणीकडून सगळ्यांना वणव्यातून वाचवलं, मग सगळ्यांनी तिला मिठी मारली. टाळ्या पडल्या. एका पोराने विचारलं, ‘वाचवलं नसतं तर घेतलं नसतं का?’ मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून तिला कुणाच्या उपयोगी पडायला लावत नाही. तिला तिचा असा एखादा नाद द्या. टिमकीला मी कासला उतरवलं. तिथे दवबिंदू नावाची वनस्पती चिकट थेंबांवर किडे पकडून खाते, हे ऐकून पोरं भेळ विसरली. टोपली कारवी 7 वर्षांनी एकदा फुलते. टिमकी 7 वर्षांची, म्हणजे तिच्या जन्मानंतर पहिल्यांदाच फुलणार. बाकीच्या सज्जनगडाकडे शर्यत लावून गेल्या, ही पालथी पडून कळ्या बघत बसली. एक चेटकीण मागे वळली. ‘काय बघतेस?’ एवढंच विचारून शेजारी पालथी झाली.

पोरं म्हणाली, तिला सॉरी म्हणायला लावा. मी नाही लावलं. आपली पोरं तरी कुठे मनापासून म्हणतात?

शेवट लिहू नका, खेळून बघा. गोष्टीत लपाछपी, साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ स्मारकापाशी, राज्य टिमकीवर. टाकीपाशी बसायची तीच मुलगी टिमकी झाली. तोंड भिंतीकडे करून मोजायला लागली आणि एकोणसाठनंतर थेट ऐंशी म्हणाली. टाकीमागून, दोरीवरच्या चादरीमागून पोरं ओरडत बाहेर आली, ‘ए, चीटिंग! परत मोज!’ आणि अंधार पडेपर्यंत तिच्याशी कचाकचा भांडली.