दाराची लढाई (इ.स. 530) टेबलावर कशी मांडावी

या मांडणीचा सगळा जीव खंदकात आहे. तो सरळ रेघेत काढला तर रोमन सेनापती बेलिसॅरियस इराण्यांविरुद्ध का जिंकला ते कळतच नाही, म्हणून सोंगट्या नंतर.

चार बाय तीन फुटांचा जाड पुठ्ठा घ्या. एका लांब कडेला दारा शहराचा तट, समोरची कड निसिबिसची, म्हणजे इराण्यांच्या ताब्यातल्या शहराची. तटापासून वीतभर अंतरावर मधोमध फूटभर रेघ काढा. तिच्या दोन्ही टोकांपासून काटकोनात निसिबिसकडे चार इंच जा आणि तिथून बाहेरच्या बाजूंना सरळ लांबवर. (मधला भाग आत होता की पुढे, यावर अभ्यासकांत वाद आहे. आत घेतला तर रोमनांकडून लढणाऱ्या हूण घोडेस्वारांची चाल जास्त पटते.) खंदकावर जागोजागी वाटा सोडा. रोमनांच्या डाव्या टोकाला एक टेकडी ठेवा.

आकडे इतिहासकार प्रोकोपियसचे, तो बेलिसॅरियसचा सचिव होता. रोमन 25,000, इराणी 40,000 आणि निसिबिसहून आलेली 10,000 कुमक. एक सोंगटी म्हणजे 1,000 माणसं. खंदकामागे मधे पायदळाच्या 11, दोन्ही बगलांवर घोडदळाच्या 6-6. ही वाटणी खेळाच्या सोयीची. हूण आणि हेरुल (रोमनांकडचे जर्मानिक स्वार) या हिशोबात बसत नाहीत, त्यांना 300 ची छोटी सोंगटी द्या: खंदकाच्या दोन्ही कोपऱ्यांत बाहेरच्या अंगाला हूणांच्या दोन-दोन, टेकडीमागे हेरुलांचा नायक फारास याच्या स्वारांची एक. इराण्यांच्या 50 सोंगट्या पुढे-मागे दोन फळ्यांत निम्म्या-निम्म्या लावा. 'अमर' हे इराण्यांचं निवडक पथक राखीव.

सुरुवातीच्या फेऱ्या फक्त बाणांच्या. इराण्यांनी दर फेरीला फळ्या बदलाव्यात, म्हणजे ताजे तिरंदाज पुढे येतात. पण वारा त्यांच्या तोंडावर होता, म्हणून त्यांच्या फाशातून 1 वजा करा.

मग इराण्यांच्या उजव्या बगलेचा सरदार पिट्याक्सीस रोमनांच्या डाव्या बगलेवर येतो आणि ती मागे हटते. बहुतेकांचा डाव इथेच बिघडतो: घाबरून हेरुल आधीच बाहेर काढतात. समोरासमोर 300 स्वार टिकत नाहीत. इराणी खंदक ओलांडून पुढे गेले की मगच फारास पाठीवर आणि डाव्या कोपऱ्यातले, सुनिकास-आयगान या नायकांचे 600 हूण बगलेत घाला. इराण्यांच्या तीन सोंगट्या उचला.

'अमर' इराण्यांच्या डावीकडे सरकताना दिसले की तेच 600 हूण लगेच रोमनांच्या उजव्या कोपऱ्यात सिम्मास-आस्कान या नायकांच्या 600 हूणांजवळ न्या. एक फेरी उशीर झाला तर उजवी बगल गेली. उजवी बगल मागे हटते; तिचा पाठलाग करणाऱ्या इराण्यांना हूणांनी मधोमध कापलं की त्यांच्या डाव्या बगलेचा सरदार बारेस्मानास पडतो. पाच सोंगट्या उचला. इराणी पायदळ ढाली टाकून पळतं.

रोमनांना पाठलाग एकच फेरी. बेलिसॅरियसने तो मुद्दाम थांबवला होता. इराणी मागे वळून उलटतील ही त्याला धास्ती होती.