किनाऱ्यावर सायकलची चेन गंजू नये म्हणून

समुद्रकाठाने दिवसभर सायकल चालवली की दुसऱ्या दिवशी सकाळी चेन तांबूस दिसते आणि पेडल मारताना करकरते. खारी हवा आणि बारीक वाळू, दुसरं काही नाही. एकट्याने फिरताना वाटेत चेन तुटली तर हाताशी कुणी नसतं, म्हणून मुक्कामी पोचल्यावर आधी हे करा, मग अंघोळ.

१. प्लास्टिकच्या बाटलीच्या एका जादा झाकणाला खिळ्याने चार-पाच भोकं पाडून ते घरूनच न्या. उरलेल्या गोड्या पाण्याची बाटली दाबून चेन आणि गिअर धुवा. अर्धा लिटर पुरतं.
२. जुना मोजा हातात घाला, चेन मुठीत धरा आणि पेडल उलटं फिरवा. मोज्यावर काळे पट्टे उमटायचे थांबेपर्यंत.
३. चेन सुकू द्या. मग कडीकडीवर एकेक थेंब तेल सोडा, थोडं फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका. वर राहिलेल्या तेलालाच वाळू चिकटते. हे रात्रीच केलेलं बरं, सकाळपर्यंत तेल आत मुरतं.

तेल रिमवर किंवा डिस्कवर उडू देऊ नका, ब्रेक लागणार नाहीत.