खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टँकमधलं हिरवं गढूळ पाणी शेवटी साफ झालं, माझा अनुभव

लक्षण असं, की काचेवर काही नाही, दगड स्वच्छ, पण पाणीच हिरवं, मागची काच दिसेना, ग्लासात घेतलं तरी हिरवट झाक. म्हणजे शेवाळ पाण्यातच तरंगतंय. फिल्टरचा कापूस बदलला, पाणी बदललं, काही उपयोग नाही, दोन दिवसांत परत तेच, वैताग आला होता. हे कण काही मायक्रॉनचेच असतात, कापसातून आरपार जातात.

जमलं ते असं. आधी नवीन पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे) मोजला, तो ० नव्हता, म्हणून आरओ फिल्टरचं डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) बदललं, नाहीतर प्रत्येक वेळी पाण्यातून फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, आत जातच राहतं. मग यूव्ही स्टरिलायझर (आतून जाणाऱ्या पाण्यातलं शेवाळ अतिनील प्रकाशाने मारणारा दिवा) लावला, आणि त्याचा पंप मुद्दाम हळू ठेवला, कारण पाणी जोरात गेलं तर शेवाळ मरत नाही, हे फार महत्त्वाचं आहे. त्याच वेळी लाईट पूर्ण बंद, टँकला चारी बाजूंनी काळा कपडा, ३ दिवस. या काळात एअर स्टोन चालूच ठेवा, शेवाळ मरताना ऑक्सिजन खाली येतो आणि मासे वर येऊन धापा टाकतात. स्किमरचा (फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप रोज रिकामा केला, त्यात गडद हिरवा चिखल येत होता.

पाणी नितळ झाल्यावरच २५ टक्के बदललं, खारटपणा १.०२५ (विशिष्ट गुरुत्व) जुळवून, मग फॉस्फेट मीडिया (फॉस्फेट शोषून घेणारे दाणे) टाकला. हिरव्या पाण्यात फॉस्फेटची टेस्ट शून्य दाखवू शकते, त्यावर विश्वास ठेवू नका, ते सगळं शेवाळाच्या पोटात असतं.