हौशी क्रिप्टो मायनिंग: यंत्र घेण्याआधी आणि घेतल्यावर या चुका टाळा

जुन्या वस्तूंच्या बाजारात अँटमायनर एस९ हे बिटकॉइन मायनिंगचं यंत्र अजूनही फिरतं. (मायनिंग म्हणजे व्यवहारांचा पुढचा गठ्ठा, 'ब्लॉक', नोंदवण्यासाठी यंत्राने सतत अंदाज लावत राहायचं; ज्याचा आधी जुळेल त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी.) यंत्र २०१६ सालचं, सोबत पॉवर सप्लाय, आणि विकणाऱ्याचं ठरलेलं वाक्य: 'चालू कंडिशन, फक्त प्लग लावा.' मी घेतला तेव्हा तो खरंच चालू होता, त्यामुळे मला कुणी फसवलं असं म्हणता येत नाही. कागद-पेन्सिल न घेता पैसे मोजले, एवढाच माझा गुन्हा.

तो हिशेब आधी करून टाकू. एस९ साडेतेरा टेराहॅशचं काम करतो, म्हणजे सेकंदाला साडेतेरा लाख कोटी अंदाज लावतो, आणि साधारण १,३५० वॅट खातो. चोवीस तास चालला तर दिवसाला ३२ युनिटं, महिन्याला ९७० च्या आसपास. युनिट १२ रुपयांनी धरलं तर दिवसाची वीज ३८९ रुपयांची. आता मिळकत बघा. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी लागतो, म्हणजे दिवसाला १४४. एप्रिल २०२४ मध्ये बक्षीस निम्मं होऊन ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइनवर आलं, म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला नवे ४५०. आणि २०२५ मध्ये नेटवर्कची एकूण ताकद एक झेटाहॅशला, म्हणजे शंभर कोटी टेराहॅशला पोचली. त्यात आपल्या साडेतेराचा वाटा काढला की दिवसाला ६०७ सातोशी (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) हाती लागतात. एक बिटकॉइन ८० लाखांना धरला तरी त्याचे ४९ रुपये होतात.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तो असा.

यावर लगेच प्रश्न येतो: 'पण बिटकॉइनचा भाव वाढला तर?' भाव वाढला की मायनिंगची मोठमोठी कोठारं नवी यंत्रं लावतात, आणि दर २,०१६ ब्लॉकांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, ब्लॉक लागणं किती अवघड असावं ती काठिण्यपातळी नेटवर्क नव्याने ठरवतं. स्पर्धक वाढले की तुमचा वाटा आपोआप बारीक होतो. आणि भाव वाढणारच अशी खात्री असेल, तर त्या ३८९ रुपयांचे सातोशी थेट विकत घेतलेले बरे. यंत्राच्या आवाजापासून कानाला तरी आराम.

बिलातला सरासरी दर धरू नका

महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांचं असतं: १०० युनिटांपर्यंत एक दर, मग ३००, मग ५००, आणि त्यापुढे सगळ्यात महाग. घराचे दोनशे-अडीचशे युनिट आधीच होतात; यंत्राचं प्रत्येक युनिट त्याच्यावर चढतं. त्यामुळे एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढून गणित केलं तर ते फसवं येतं. यंत्राला शेवटच्या टप्प्याचा दर लावा. त्यात वहन आकार मिळवा, इंधन समायोजन असेल तर तेही, आणि वर वीज शुल्काचे १६ टक्के. जो आकडा येईल तो तुमचा खरा दर.

'आमच्याकडे छतावर सोलर आहे, वीज फुकट' हेही अर्धसत्य. नेट मीटरिंगमध्ये तुम्ही ग्रिडला दिलेलं युनिट नंतर तुमच्याच बिलातून वजा होतं. म्हणजे यंत्राने खाल्लेल्या प्रत्येक युनिटागणिक बिलातली तेवढी वजावट बुडते. वर्षअखेर खूप युनिटं शिल्लक राहून पडत्या भावात जात असतील, तरच ती वीज जवळजवळ फुकट म्हणावी.

वायरिंग

इथे मात्र थोडं सावकाश वाचा, कारण बाकी चुकांत पैसे जातात, या चुकीत घर जातं.

१,३५० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास सहा अँपिअर. घरातल्या लहान तीन पिनांच्या सॉकेटची मर्यादाच सहा अँपिअरची. इस्त्री त्यावर चालते, पण ती दहा मिनिटं तापते आणि बंद होते. मायनर महिनाभर बंद होत नाही. त्यात गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० वर उतरलं की पॉवर सप्लाय तेवढेच वॅट मिळवायला जास्त करंट ओढतो, सात अँपिअरच्या वर. माझा एक्स्टेंशन बोर्ड तिसऱ्या दिवशी पिवळा पडला आणि आईला 'काहीतरी जळतंय' असा वास आला. मला नाही आला, कारण मी खोलीतच बसून होतो.

मोठ्या यंत्राला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो, थेट बोर्डातून, मध्ये एक्स्टेंशन नको. वायरमनकडून त्या लाइनची वायर किती जाडीची आहे ते बघून घ्या आणि अर्थिंग तपासा. जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनेचं भोक असतं, मागे वायर नसते. यंत्राच्या धातूच्या कडेला बोट लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ते 'थोडंसं स्टॅटिक' नाही. यंत्र बंद करा. सुरू केल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, गरम असेल तर लगेच काढा.

आणि इन्व्हर्टर! मायनरचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर वीज गेल्यावर तो घरची बॅटरी बघता बघता पिऊन टाकतो. रात्री अकराला लोडशेडिंग, आणि पंखे बंद पडल्यावर सगळं घर तुमच्याकडे बघतंय, हा प्रसंग मी अनुभवलेला आहे. पॉइंट मेन लाइनवरच ठेवा.

अशी चार-पाच यंत्रं घरगुती मीटरवर लावायचा विचार असेल, तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ वाचून घ्या. मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरल्यावर होणारी आकारणी त्यात आहे. सोसायटीच्या जिन्याची लाइन किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर यांबद्दल वेगळं सांगायला नको.

मग हौस भागवायची कशावर?

दोन रस्ते मला पटतात. एक, बिटॅक्ससारखं बिटकॉइनचं तळहाताएवढं ओपन सोर्स (रचना सगळ्यांना खुली असलेलं) यंत्र. दुसरा, घरात आहे त्याच कॉम्प्युटरवर मोनेरो या दुसऱ्या क्रिप्टो नाण्याचं मायनिंग. ग्राफिक्स कार्डांचा रस्ता यात मुद्दाम धरलेला नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम हे नाणं प्रूफ ऑफ स्टेकवर, म्हणजे अंदाजांऐवजी गहाण ठेवलेल्या नाण्यांवर चालणाऱ्या पद्धतीवर, गेलं आणि तिथलं कार्डांवरचं मायनिंग संपलं, पण २०२१ चे व्हिडिओ अजून तसेच पडून आहेत. व्हिडिओची तारीख न बघता जुनं कार्ड उचलणारा भेटतोच एखादा.

बिटॅक्स गामा १.२ टेराहॅशच्या आसपास चालतो आणि १७ वॅट घेतो. महिन्याला बारा-तेरा युनिटं, म्हणजे वर धरलेल्या बारा रुपयांच्या दराने दीडशे रुपये. त्यावर एकट्याने ब्लॉक लागायची सरासरी काढली तर जवळपास १६ हजार वर्षं येतात. जुलै २०२४ मध्ये अशाच छोट्या यंत्राला एक पूर्ण ब्लॉक लागला होता, ते खरं. पण ते लॉटरीचं तिकीट आहे हे मनाशी पक्कं ठेवा, म्हणजे मग मजा येते.

त्यात नेहमी होणाऱ्या गडबडी. गामाला ५ व्होल्ट लागतात, आणि राउटरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरची पिन त्याच मापाची असते. ती नीट बसते आणि बोर्ड मरतो. अडॅप्टरवर लगेच चिठ्ठी चिकटवून टाका. दुसरं, यूएसबी-सीचं भोक फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) भरण्यासाठी आहे, यंत्र चालवण्यासाठी नाही. तिसरं, यंत्र दर काही मिनिटांनी आपणहून रीस्टार्ट होत असेल तर आधी अडॅप्टरवर संशय घ्या. १७ वॅट म्हणजे ५ व्होल्टला साडेतीन अँपिअर. ड्रॉवरमधला दोन अँपिअरचा चार्जर तिथे दम टाकतो. अ‍ॅक्सओएसच्या (म्हणजे बिटॅक्समधल्या प्रोग्रॅमच्या) पानावर इनपुट व्होल्टेज दिसतं, ते ढासळतंय का बघा.

वाय-फाय सापडत नसेल तर राउटर ५ गिगाहर्ट्झवर असणार. या यंत्रातल्या चिपला २.४ चीच भाषा कळते. पूलशी (अनेकांची ताकद एकत्र करून बक्षीस वाटून देणाऱ्या सर्व्हरशी) जोडणी होत नसेल तर पत्त्याच्या चौकटीत 'स्ट्रॅटम' वगैरे उपसर्गासकट सगळं चिकटवलंत का ते तपासा; तिथे फक्त सर्व्हरचं नाव हवं, पोर्ट शेजारच्या चौकटीत.

पूलवर हॅशरेट, म्हणजे यंत्राचा वेग, कमी दिसतो म्हणून लगेच व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी वाढवत बसणं, ही हमखास होणारी चूक. पूल तुमचा हॅशरेट मोजत नाही, आलेल्या शेअर्सवरून (ब्लॉकपेक्षा सोप्या कसोटीत बसलेल्या उत्तरांवरून) अंदाज बांधतो. तासाभराचा आकडा खालीवर होणारच. चोवीस तासांची सरासरी बघा. आणि 'बेस्ट डिफिकल्टी', म्हणजे तुमच्या आजवरच्या सर्वोत्तम उत्तराची काठिण्यपातळी, चारशे कोटींवर गेली म्हणून पेढे वाटू नका. ब्लॉकसाठी शंभर लाख कोटींच्या वर लागते.

मोनेरोचं गणित वेगळं. नोव्हेंबर २०१९ पासून तिथे रँडमएक्स ही मायनिंगची पद्धत आहे, आणि ते साध्या प्रोसेसरला सोयीचं होईल असंच बांधलेलं आहे. प्रत्येक थ्रेडला (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाला) २ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) लागते आणि एकूण दोन जीबीपेक्षा जास्त रॅम. म्हणून ६ एमबी कॅशच्या आय५ वर आठ थ्रेड लावून वेग वाढत नाही, उलट पडतो. तिथे तीनच थ्रेड लावा. एक्सएमरिग हा मायनिंगचा प्रोग्रॅम सुरू झाल्यावर 'ह्यूज पेजेस' (मेमरी मोठ्या तुकड्यांत वापरायची सोय) समोर शून्य टक्के दिसत असेल, तर प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि विंडोज एकदा रीस्टार्ट करा. एवढ्याने वेगात ठळक फरक पडतो. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी जोडल्यावरही फायदा दिसतो. एक टक्का वेळ यंत्र दुसऱ्याच कुणासाठी चाललेलं दिसलं तर घाबरू नका. ती एक्सएमरिगची विकासकांसाठीची देणगी आहे, लपवलेली नाही.

अँटिव्हायरस या प्रोग्रॅमला हमखास पकडतो, कारण चोरटे लोक दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर हाच बसवतात. म्हणून लोक काय करतात? अँटिव्हायरसच बंद करतात, आणि मग शोधात पहिल्या आलेल्या कुठल्याही साइटवरून फाइल उतरवतात. चोराला दार उघडून वर चहा दिल्यासारखं झालं. फाइल मूळ गिटहबवरूनच घ्या, तिचा शा-२५६ हॅश (फाइलचा ठसा) तिथे दिलेल्याशी जुळवा आणि सूट फक्त त्या एका फोल्डरला द्या.

लॅपटॉपवर दिवसरात्र मायनिंग करू नका. बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला लॅपटॉप मी पाहिलाय.

उष्णतेबद्दल: मी अकोल्याचा. मे महिन्यात खोलीच चाळिशीपार जाते, तिथे बिचारा पंखा कसली हवा मारणार? बिटॅक्सची चिप साठ-पासष्टच्या आसपास राहावी म्हणून उन्हाळ्यात फ्रीक्वेन्सी उतरवतो, एस९ तर होळीला बंद होतो. कोकणात आणि गोव्यात वेगळाच शत्रू असतो, दमट खारी हवा. तिथे पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने बंद ठेवून एकदम चालू करण्याआधी कनेक्टरांवर हिरवट गंज धरलाय का ते बघा.

पत्ता, पैसे, कर

वॉलेटचा (नाणी जमा होतात त्या खात्याचा) पत्ता चिकटवल्यावर पहिली आणि शेवटची पाच-सहा अक्षरं मूळ पत्त्याशी ताडून बघा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत. मोनेरोचा मूळ पत्ता ९५ अक्षरांचा आणि ४ ने सुरू होतो. सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट उघडून देणारे शब्द, कागदावर लिहा. तिचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करणं म्हणजे तिजोरीची किल्ली खिडकीत टांगणं.

पूल निवडताना आधी किमान पेआउट, म्हणजे किती जमल्यावर पूल पैसे पाठवतो, ते बघा. तुमच्या वेगाने तिथवर पोचायला वर्ष लागणार असेल तर तो पूल तुमच्या कामाचा नाही. मोनेरोसाठी पीटूपूल बघा, त्यात फी नाही आणि पैसे थेट वॉलेटमध्ये येतात. मोनेरो विकायचं कुठे हेही आधीच ठरवा. बायनान्स या क्रिप्टो एक्सचेंजने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते यादीतून काढलं.

मोबाइलवर 'मायनिंग' करून देणारी अ‍ॅप्स सोडा. गूगल प्लेने २०१८ मध्येच फोनवर मायनिंग करणाऱ्या अ‍ॅप्सना बंदी घातली, त्यामुळे स्क्रीनवर फिरणारा आकडा हा निव्वळ आकडा. आणि 'यंत्र आमच्याकडे, परतावा तुमच्याकडे' असं कुणी म्हणालं की गेनबिटकॉइन ही योजना आठवा. महिन्याला दहा टक्के, अठरा महिने, असं ते आश्वासन होतं. २०१८ मध्ये त्याच्या सूत्रधाराला पुणे पोलिसांनी अटक केली, आणि पैसे अडकलेल्यांत पुण्यातलेही पुष्कळ.

करात सगळ्यात जास्त लोक अडखळतात ते एका ठिकाणी. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्ता (क्रिप्टो नाणी यातच येतात) विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस लागू झाला. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. वीजबिल आणि यंत्राची किंमत त्या नफ्यातून वजा करता येईल असं वाटतं. नाही येत. मायनिंगच्या साधनसामग्रीवरचा खर्च 'संपादन खर्च' धरला जाणार नाही, असं सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत सांगितलं. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वळता होत नाही. म्हणून पेआउट आला की त्याच दिवशी वहीत तारीख, रक्कम आणि त्या दिवसाचा रुपयातला भाव टिपून ठेवा. मार्चअखेरीला सीएसमोर पूलचे दोनशे बारीक पेआउट उलगडत बसण्यापेक्षा ते सोपं. माझ्या वहीत पहिल्या पानावर यंत्राची किंमत लिहिलेली आहे, लाल पेनाने. ती अजून फिटलेली नाही.